दोन लाख पाठभेद

“मामा, आईची माफी मागायचं कबूल करा, नाहीतर मी चहा घेणार नाही,” सुनीतीने चपला काढण्यापूर्वीच जाहीर केले.

“चहा अजून टाकलेला नाही, तेव्हा ही धमकी आधी मागे घे,” त्र्यंबक आठल्ये म्हणाले. “आणि माफी कशाची ते सांग. अपराध कळण्याआधी माफी मागणं हा शिष्टाचार नव्हे, आळस आहे.”

“झालं सुरू.”

सुनीती ही त्यांच्या थोरल्या बहिणीची, कुमुद परचुरे यांची मुलगी. पुण्यात तिचा दातांचा दवाखाना होता आणि दुखऱ्या जागी थेट बोट ठेवण्याची सवय तिला व्यवसायाने लागलेली होती. मामा वाईला, आई मिरजेला, आणि दोघांमध्ये दीड वर्षाचा अबोला. तो आज संपवायचाच असे ठरवून ती आली होती.

हा अबोला समजण्यासाठी आठल्यांच्या घरची एक रीत माहीत असायला हवी. त्र्यंबक आणि कुमुद यांचे वडील वाईच्या पाठशाळेत न्यायशास्त्र शिकवीत. त्यांच्या घरात वाद निषिद्ध नव्हता. भाजीत मीठ कमी आहे की नाही, यावरही जेवताना वाद होई. मात्र त्याला दोन नियम होते. समोरच्याचे म्हणणे खोडण्यापूर्वी ते आपल्या तोंडाने असे मांडायचे, की तो स्वतः ‘मान्य’ म्हणेल. शास्त्रात याला पूर्वपक्ष म्हणतात. ‘मान्य’ ऐकल्यावाचून खंडन करायचे नाही, हा पहिला नियम. दुसरा नियम वडिलांचा स्वतःचा होता: तोंडी बोललेले तोंडी मागे घ्यावे, परंतु लिहिलेले लिहूनच मागे घ्यावे, आणि जितक्या लोकांसमोर लिहिले तितक्यांसमोर घ्यावे.

त्र्यंबकराव भूमापन खात्यातून निवृत्त झाले, कुमुदताई जिल्हा न्यायाधीशपदावरून. दोघांनी ‘ओसरी’ या समाजमाध्यमावर ‘उभय पक्ष’ नावाचे पाक्षिक सदर सुरू केले. विषय एक, बाजू दोन. वाचकसंख्या दोन लाखांवर गेली. मग एका पंधरवड्यात विषय आला, शाळेत हस्ताक्षर सक्तीचे असावे काय. त्र्यंबकराव सक्तीच्या बाजूने लिहिते झाले, कुमुदताई विरोधात, आणि तिथे सगळे तुटले. सहा महिन्यांनी कुमुदताईंचे यजमान गजाननराव कंपवाताच्या दीर्घ आजारात वारले. त्र्यंबकराव मिरजेला गेले. कुमुदताईंनी त्यांना बसायला सांगितले आणि एवढेच म्हटले, “आलास, बरं केलंस. पण ते वाक्य अजून तिथंच आहे.” कोणते वाक्य, हे विचारण्याची त्र्यंबकरावांना गरज वाटली नाही. आपली वाक्ये त्यांना पाठ होती, आणि त्यांतले एकही मागे घेण्यासारखे नव्हते.

“कोणतं वाक्य?” हा प्रश्न त्यांनी आज प्रथमच विचारला, तोही भाचीला.

“तुम्हाला माहीत नाही? मामा, तुम्ही ते लिहिलंत तेव्हा बाबांना चमचा धरता येत नव्हता.”

“वाच. तुझ्या फोनवर उघड आणि वाच. मी माझ्या फोनवर बघतो.”

सुनीतीने लेख शोधला. पहिली दोन वाक्ये जवळपास जुळली. तिसऱ्याला तिचा आवाज कोरडा झाला. “‘थरथरत्या हाताने काढलेल्या अक्षरात विचाराची चालही थरथरतच दिसते.’ पुढे वाचू?”

त्र्यंबकरावांनी चष्मा पुसला आणि स्वतःच्या फोनवरून वाचले, “‘थरथरत्या हाताने काढलेल्या अक्षरातही विचाराची चाल स्थिर दिसू शकते.’”

दोघांनी फोन शेजारी शेजारी ठेवले. लेख एकच, तारीख एकच, लेखकाचे छायाचित्रही तेच.

“मी हे गजाननरावांना डोळ्यांपुढे ठेवूनच लिहिलं होतं,” ते हळू म्हणाले. “त्यांची जुनी, थरथरती सही आठवून.”

मोजणीतल्या माणसाचे एका निरीक्षणावर समाधान होत नाही. त्यांनी शेजारच्या भोसलेवहिनींना हाक मारली. वहिनींनी आपल्या फोनवर तोच लेख उघडला आणि ठणठणीत आवाजात वाचला: “‘हात थरथरत असल्यास अक्षर काढण्यापूर्वी बोटांचे हलके व्यायाम करावेत, त्याने मनालाही स्थैर्य येते.’ अहो भावजी, मी करते की हे रोज! तुमचं लिखाण मला फार उपयोगी पडतं.”

सुनीती हसू लागली आणि हसता हसता तिने डोळे पुसले. चहा त्र्यंबकरावांनीच टाकला. कुणी काही मागे न घेता तो प्याला गेला.

ज्या यंत्रणेने हे केले तिचे नाव अनुवाचन, आणि ती गुप्त नव्हती. प्रत्येक वापरणाऱ्याने तिला संमती दिली होती. अवघड मजकूर सोपा करून दाखवणे हा तिचा मूळ हेतू. फोनचा कॅमेरा वाचकाची नजर कोणत्या शब्दावर किती रेंगाळते हे टिपतो. त्या रेंगाळण्यावरून प्रत्येक वाचकाची एक रुचिरेखा तयार होते. कोणताही लेख आला की यंत्र त्याच्या प्रत्येक वाक्याची शेकडो रूपे बनवते आणि ज्या रूपावर या विशिष्ट वाचकाची नजर सर्वाधिक थांबेल, असे एक त्याला दाखवते. अर्थ बदलू नये म्हणून कायद्याने बंधन घातलेले असते. यंत्राच्या दृष्टीने वाक्याचा अर्थ म्हणजे हजारो अक्षांच्या अवकाशातला एक बिंदू. मूळ वाक्याचा बिंदू आणि बदललेल्या वाक्याचा बिंदू यांतले अंतर ठरावीक मर्यादेत असले की कायद्याचे समाधान होते.

दोष त्या अंतरातच होता. ‘थरथरता हात’, ‘अक्षर’, ‘विचार’, ‘चाल’ हे शब्द दोन्ही वाक्यांत आहेत, म्हणून यंत्राच्या अवकाशात ती वाक्ये जवळ पडतात. एक वाक्य आजाऱ्याचा सन्मान करते आणि दुसरे त्याचा अपमान, हा फरक त्या मापात किरकोळ ठरतो. यंत्राला क्रौर्य ठाऊक नव्हते. नवऱ्याच्या हातांकडे दिवसभर पाहणाऱ्या स्त्रीची नजर ‘हात’ या शब्दावर थांबते, आणि घाव बसला की अधिक थांबते, एवढेच त्याने शिकून घेतले होते.

त्र्यंबकरावांना यापुढची गोष्ट आपल्या धंद्यातून दिसली. मोजणीत बारीक चुका दोन्ही बाजूंना होत असतील तर त्या एकमेकींना खाऊन टाकतात. सगळ्या चुका एकाच दिशेला होत असतील तर त्या साचत जातात. कुमुदताईंनी ते वाकलेले वाक्य प्रामाणिकपणे पूर्वपक्ष म्हणून उद्धृत केले. त्या उद्धरणाला यंत्राने त्र्यंबकरावांसाठी पुन्हा वाकवले, आणि त्यांना दिसले: ‘त्र्यंबकचे म्हणणे वडिलांकडून उसने घेतलेले आहे.’ त्यांनी ‘अमान्य’ लिहिले. प्रत्येक फेरीत वाकलेले वाक्य हेच पुढच्या फेरीचे मूळ ठरत गेले. ज्यांच्या घरात समोरच्याचे शब्द उचलून बोलण्याची शिस्त नव्हती, त्यांचे कदाचित इतके बिघडले नसते. या दोघांचे नाते त्यांच्या काटेकोरपणानेच तोडले.

सुनीतीने तिथूनच आईला फोन लावून मामांच्या हाती दिला.

“ताई, ते वाक्य माझं नाही.”

“तुझ्या नावाखाली आहे.”

“यंत्राने बदललेलं आहे. सुनीतीसमोर ताडून पाहिलं.”

“अनुवाचन सुरू झालं तेव्हा त्याचं स्वागत करणारा पहिला लेख कुणाचा होता रे, त्र्यंबक? ‘अभिजात गद्य घरोघरी पोचेल’ म्हणून?”

“माझा.”

“मग आता ते घरोघरी पोचलंय. हे बघ, तू खोटं बोलतोस असं मी म्हणत नाही. पण दोन लाख लोकांसमोर माझ्या नवऱ्याच्या हातांबद्दल काहीतरी छापलं गेलं. तू माझ्या कानात सांगून ते पुसलं जाणार नाही. लोकांसमोर ठेव. लिहून.”

“लिहितो.”

“आणि ओसरीवर लिहू नकोस. तिथं लिहिलंस तर उद्या मला काय दिसेल कुणास ठाऊक.” तिने फोन ठेवला.

त्यांनी प्रथम ओसरीच्या व्यवस्थापनाला जाब विचारला. लेखकसंबंध पाहणारे सातपुते नावाचे तरुण अधिकारी पडद्यावर अवतरले. ते अत्यंत नम्र होते.

“सर, तुमच्या हस्ताक्षराच्या लेखाने सदराचे सगळे विक्रम मोडले. तुमचे वाचक किती वेळ थांबतात, बघा तरी.”

“मला एकच सांगा. मी लिहिलेला लेख, काना-मात्रेचा फरक न होता, किती जणांनी वाचला?”

“असा आकडा आम्ही सहसा काढत नाही, सर.”

“काढा. मी थांबतो.”

सातपुत्यांनी कुठेतरी काहीतरी दाबले, पाहिले, पुन्हा दाबले. “एकाने, सर.”

“कोण हा सज्जन?”

“तुम्ही, सर. लेखकाची नजर स्वतःच्या मूळ वाक्यावरच सर्वांत जास्त रेंगाळते. म्हणून लेखकाला नेहमी मूळच दिसतं.”

सातपुत्यांनी घाईने तोडगा सुचवला: ‘मूळ मजकूर’ अशी खूण लेखावर लावून देता येईल. ती खूणही वाचकागणिक बदलेल काय, असे त्र्यंबकरावांनी विचारले. “सध्याच्या रचनेत, हो,” सातपुते प्रामाणिकपणे म्हणाले.

त्याच दुपारी त्र्यंबकरावांनी ओसरीवरून नाव काढून घेतले. “दोन लाख वाचक सोडताय?” असे सुनीतीने फोनवर विचारले तेव्हा ते म्हणाले, “माझा वाचक एकच होता. तो मी बरोबर घेऊन चाललो आहे.”

स्वतःचे संकेतस्थळ ही कल्पना नवी नव्हती. एके काळी शेकडो माणसे मराठीत आपापले ब्लॉग चालवीत आणि एकमेकांच्या दारात जाऊन प्रतिक्रिया लिहीत. मग सगळे ओसरीवर जाऊन बसले, कारण तिथे वर्दळ होती. ते जुने तंत्र मात्र मेलेले नव्हते. एक लहान संगणक, त्यात साध्या मजकुराची पाने, आणि एक पत्ता. तो पत्ता मागेल त्याला तेच पान द्यायचे, कुणी मागितले हे न विचारता. त्र्यंबकरावांनी हे सगळे स्वतः शिकून केले. जुन्या पुस्तिका वाचल्या, चुका केल्या, पान दोनदा पुसून टाकले. संगणक माजघरातल्या कोनाड्यात बसला आणि त्याचा बारीक गुणगुणाट घराला सवयीचा झाला.

एक अडचण उरली. नव्या फोनांच्या पडद्यातच अनुवाचन बसवलेले असे, त्यामुळे पान सरळ पोचले तरी डोळ्यांपर्यंत जाताना ते वाकण्याचा धोका होता. त्यावर उपाय म्हणजे मुद्रा. लेखातल्या प्रत्येक अक्षरावरून गणिताने एक लांबलचक आकडा काढता येतो, आणि एक वेलांटी बदलली तरी तो आकडा पूर्णपणे बदलतो. त्र्यंबकरावांनी प्रत्येक लेखाची मुद्रा वाचनालयाच्या फळ्यावर लावायला सुरुवात केली. ज्याला शंका असेल त्याने आपल्या पडद्यावरच्या मजकुराची मुद्रा काढून ताडून पाहावी. फोनच्या खोल पोटात ‘जसेच्या तसे’ नावाची एक सोय दडवलेली होती. ती कशी शोधायची हे दाखवण्यासाठी ते रोज संध्याकाळी वाचनालयात बसू लागले. पहिला विद्यार्थी म्हणून भोसलेवहिनी आल्या. मूळ लेख वाचून त्या म्हणाल्या, “भावजी, यात व्यायाम कुठेत? आधीचं बरं होतं.”

“आधीचं माझं नव्हतं, वहिनी.”

“मग हे तुमचं आहे होय? अवघड आहे.” पण त्या दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या, येताना शब्दकोश मागून घेऊन.

संकेतस्थळावर त्र्यंबकरावांनी सर्वांत आधी हस्ताक्षराचा मूळ लेखच प्रसिद्ध केला होता. सुरुवातीला चार ओळींत घडलेली हकीकत सांगितली, आणि ज्या वाक्याने कुमुद परचुरे यांना दुखावले ते आपले नाही, मात्र ते ज्या यंत्राने रचले त्याचे स्वागत आपण केले होते, असे स्वच्छ लिहिले. पानाचे दोन भाग केले होते. डावीकडे त्यांचा लेख. उजवीकडचा भाग कोरा, आणि त्यावर एकच ओळ: ‘ही जागा कुमुद परचुरे यांच्या मूळ शब्दांसाठी राखलेली आहे.’

नंतर ते थांबले. बहिणीची बाजू तिच्याच शब्दांत हाती आल्यावाचून पुढे काहीही लिहायचे नाही, असे त्यांनी ठरवले. जे थोडे वाचक आले होते ते कंटाळू लागले. एकाने कळवले, की नवा लेख नसेल तर रोज इथे यायचे कशाला. त्याला उत्तर गेले: ‘रोज येऊ नये. लेख झाला की मी कळवीन. मी आपल्या नजरेचा भाडेकरू नाही.’ सुनीती वैतागली. “मामा, आईची बाजू तुम्हाला माहितीच आहे. लिहून टाका ना. ती तरी भडकून उत्तर देईल.”

“मला माहीत आहे ते यंत्राने सांगितलेलं आहे. दीड वर्ष मी तिच्या नावाने दुसऱ्याच कुणाशी तरी भांडलो. पुन्हा नाही.”

“आणि तिनं लिहिलंच नाही तर?”

“तर उजवी बाजू कोरी राहील. लोकांना ती कोरी दिसू दे.”

पावसाळा गेला, दिवाळी गेली. कोरी जागा कोरी राहिली. वाचनालयात मात्र ‘जसेच्या तसे’ शिकायला येणाऱ्यांचे लहानसे मंडळ जमले. त्यांपैकी एका निवृत्त पशुवैद्याने आपले स्वतःचे संकेतस्थळ काढले आणि पहिल्याच लेखात त्र्यंबकरावांच्या शैलीवर कडक टीका केली. ती टीका त्र्यंबकरावांनी आनंदाने तीनदा वाचली. तिसऱ्या वेळीही ती तीच होती.

संक्रांतीच्या सुमारास सुनीतीचा निरोप आला. त्यात फक्त एक पत्ता होता. त्र्यंबकरावांनी तो उघडला. पांढरे पान, काळी अक्षरे, सजावट शून्य. वर नाव: कुमुद परचुरे. खाली मुद्रा. त्यांनी आधी मुद्रा ताडून पाहिली आणि मग वाचायला बसले.

ताईंनी आरंभी लिहिले होते, ‘त्र्यंबक आठल्ये यांचा लेख मी आता प्रथमच वाचला. ज्या वाक्याने मला दुखावले ते त्यांचे नाही, हे मला मान्य आहे. एकाच साक्षीदाराचा जबाब प्रत्येक न्यायाधीशाला वेगळा दाखवणारे न्यायालय मी एक दिवसही चालवले नसते. तरीही अशा ठिकाणी मी आपल्या भावाविषयी निकाल दिला. तो निकाल मी रद्द करते.’

त्यानंतर पूर्वपक्ष होता: ‘त्र्यंबक यांचे म्हणणे असे, की विचाराला शिस्त लागते ती हाताने लिहिल्यामुळे. हात सावकाश चालतो म्हणून मनाला थांबावे लागते, आणि थांबलेले मन स्वतःला तपासते. म्हणून हस्ताक्षर सक्तीचे असावे.’

त्र्यंबकरावांना त्यात एक शब्दही बदलावासा वाटला नाही. त्यांनी तिथल्या प्रतिक्रियेच्या जागी ‘मान्य’ असे लिहून पाठवले. दुसऱ्या दिवशी खंडन प्रसिद्ध झाले. ते मोठे नव्हते.

‘माझ्या यजमानांना अखेरची तीन वर्षे लेखणी धरता आली नाही. त्या काळात त्यांनी भूमितीवरचे आपले सर्वांत नेटके लेखन केले. ते बोलत आणि यंत्र ध्वनिमुद्रण करी. एकदा मी त्यांना विचारले, की इतके एकटाकी कसे सांगता? ते म्हणाले, मला खोडायला हात नाही, म्हणून मी आधी खोडतो आणि मग बोलतो. शिस्त हातात असती तर हातांबरोबर गेली असती. त्र्यंबक यांना हा दाखला एका घरापुरता वाटत असेल तर दुसरा देते, तो त्यांच्याच घरचा आहे. आम्हा दोघांना जी काही विचाराची शिस्त लागली ती वडिलांनी जेवताना लावली. त्या वेळी आमचे उजवे हात वरणभातात होते.’

त्र्यंबकराव शेवटच्या वाक्यावर मोठ्याने हसले. मग वही ओढून खंडनाचे खंडन लिहायला बसले. लहान मुलांचे आणि प्रौढांचे प्रश्न वेगळे असतात, असे लिहिले आणि खोडले, कारण वरणभाताच्या वेळी ते सात वर्षांचे होते. गजाननरावांना आधी हाताने लिहिण्याची सवय होती, असे लिहिले. तेही खोडले. त्या सवयीने शिस्त दिली हे त्यातून सिद्ध होत नव्हते, फक्त सूचित होत होते, आणि सूचनेला पुरावा म्हणणे त्यांना कधीच जमले नव्हते. पुढचे काही दिवस ते वाचनालयातही वहीत लिहून खोडत बसत. भोसलेवहिनींनी विचारले, “बरं नाही का?”

“हरतोय, वहिनी.”

“कुणाशी?”

“बहिणीशी.”

“मग काय झालं त्यात,” वहिनी म्हणाल्या आणि शब्दकोशात पुन्हा डोके घातले.

शेवटी त्यांनी लिहिले ते असे: ‘जे वाक्य मी लिहिले नव्हते ते मागे घेण्यास मी दीड वर्ष नकार दिला, आणि तो नकार योग्य होता. आज मी जे लिहिले होते ते मागे घेतो. हस्ताक्षर सुंदर असते, ते शिकवावेही. परंतु विचाराची शिस्त त्यावर अवलंबून आहे, हे माझे मत चुकीचे होते. कुमुद परचुरे यांनी ते माझ्याच शब्दांत मांडून, मला मान्य करायला लावून, खोडले आहे. इतके स्वच्छ खंडन माझ्या वाचनात नाही.’ त्यांनी मुद्रा काढली, फळ्यावर लावली आणि पान खुले केले.

फोन तासाभरात आला.

“वाचलं,” कुमुदताई म्हणाल्या. “शेवटचं वाक्य काढ. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याची स्तुती करू नये, लाचार दिसतं.”

“प्रसिद्ध झालेला मजकूर मी बदलत नाही.”

“मग खाली दुरुस्ती जोड.”

“जोडणार नाही. ते माझं मत आहे. खोडायचं असेल तर तुझ्या जागेवर खोड.”

“खोडीनच.” नंतर आवाज उतरला. “त्र्यंबक, ह्यांनी सांगितलेलं सगळं तसंच ध्वनिमुद्रणात पडून आहे. पुष्कळ आहे. यंत्राला उतरवायला दिलं तर ते सुधारून देतं. मला ते जसंच्या तसं हवंय, माझ्या स्थळावर ठेवायला. पण मला एकटीला ऐकवत नाही.”

“मी उद्या येतो.”

“रविवारी आलास तरी चालेल.”

“उद्या येतो, ताई.”

“ये,” ती म्हणाली. “पण ऐकताना मध्ये बोलू नकोस. ह्यांना मध्ये बोललेलं चालत नसे.”